वाट पाहण्याचे मोल



मराठी घरात तान्ह्या बाळाभोवती काही प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले आहेत. ‘मान धरली का?’ ‘कुशीवर वळतो का?’ ‘पालथी पडली का?’ ‘रांगू लागला का?’ ‘बोबडे बोल सुरू झाले का?’ बाळाला पाहायला आलेली मावशी, शेजारच्या काकू, गावाहून आलेली आजी, प्रत्येकीच्या तोंडी हेच प्रश्न असतात. बालरोगतज्ज्ञ ज्यांना आज विकासाचे टप्पे म्हणतात, त्यांची ही घरगुती नोंदवहीच होय. अनेक बाळे मांडीवर खेळवलेल्या आजीची नजर सहसा चुकत नाही. सहा महिने उलटूनही मान डळमळते आहे, हे आईच्या आधी तिच्या ध्यानात येते.

परंतु त्याच घरात आणखी एक वाक्य तितक्याच सहजतेने उच्चारले जाते: ‘होईल हळूहळू. याचा बापसुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता.’ प्रश्नांमध्ये दक्षता आहे, तर या वाक्यात माया आहे. सुनेचा जीव थोडा होऊ नये, घरात चिंतेचे सावट पडू नये, ही त्यामागची भावना. मात्र त्या मायेपोटी वर्ष-दोन वर्षे निघून जातात आणि त्यांचे मोल ज्याला चुकवावे लागते, त्याला ते बोलूनही दाखवता येत नाही. दिव्यांग बालकांच्या बाबतीत आपला समाज निष्ठुर आहे, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. आपला दोष निराळा आहे. आपण थांबतो. आधी निदानासाठी थांबतो आणि मग प्रवेशासाठी थांबवतो. आजच्या विवेचनाचा विषय ही दोन थांबणी आहेत.

प्रथम हे समजून घेतले पाहिजे की बालकाच्या बाबतीत काळ इतका निर्णायक का ठरतो. मूल दोन वर्षांचे होते तेव्हा त्याच्या मेंदूचे आकारमान प्रौढ मेंदूच्या सुमारे चार पंचमांश झालेले असते. या काळात मेंदूतील पेशींची परस्परांशी जोडणी अफाट वेगाने होत असते. जी वाट वारंवार वापरली जाते ती पक्की होते, जी वापरलीच जात नाही ती मिटत जाते. कानावर शब्दच पडले नाहीत, तर मेंदूचा भाषेसाठी राखलेला प्रदेश रिकामा राहत नाही. तो दुसऱ्या कामाला लागतो. शेतकऱ्याला हे अधिक सांगावे लागणार नाही. वाफसा असताना पेरलेले आणि वाफसा गेल्यावर पेरलेले, बियाणे तेच असले तरी पीक एक नसते.

काही व्याधींच्या बाबतीत तर निसर्गाने जणू दिनदर्शिकाच हाती दिली आहे. जन्मतः थायरॉईड ग्रंथीचे कार्य मंद असलेले बाळ दिसायला बहुधा निरोगीच असते. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून हे कळते आणि पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, तर ते मूल इतर मुलांसारखेच वाढू शकते. हेच निदान लांबले तर बौद्धिक अक्षमता येते आणि ती पुढे भरून निघत नाही. गोळी स्वस्त आहे. उशीर मात्र आयुष्यभराचा आहे.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलावर रक्तवाहिन्यांची विकृत वाढ होण्याचा धोका असतो. ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाची नेत्रतपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झाली पाहिजे, असा भारतातील तज्ज्ञांचा दंडक आहे. वेळेत लेझर उपचार झाले तर बहुतेकांची दृष्टी वाचते. पावले आत वळलेल्या, म्हणजे क्लबफूट असलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच पॉन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लॅस्टर बदलत उपचार सुरू केले, पुढे चार-पाच वर्षांपर्यंत झोपताना विशिष्ट बूट घातले, तर बहुतेक मुले मोठी शस्त्रक्रिया न करता सरळ चालतात, धावतात.

श्रवणाचे गणित असेच आहे. पहिल्या महिन्याच्या आत श्रवणाची प्राथमिक चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निश्चित निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र व भाषाशिक्षणास आरंभ, अशी एक-तीन-सहाची त्रिसूत्री जगभर मान्य झाली आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान झालेल्या बालकांची भाषा त्यानंतर निदान झालेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या पुढे असल्याचे आढळले. आपल्याकडे मात्र अजूनही अनेक घरांत दाराआडून थाळी वाजवून पाहिली जाते. बाळ दचकले की घर निर्धास्त होते. पण थाळीच्या मोठ्या नादाने दचकणाऱ्या बाळाला आईचे बोलणे ऐकू येतेच असे नाही. झोपलेल्या बाळाच्या कानात लहानशी कळी ठेवून काही मिनिटांत होणारी चाचणी उपलब्ध असताना थाळीवर विसंबण्याचे कारण उरलेले नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शीघ्र हस्तक्षेप म्हणजे चमत्कार नव्हे. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, डाऊन सिंड्रोम या अवस्था गोळीने किंवा प्लॅस्टरने नाहीशा होत नाहीत. ‘पूर्ण बरे करून देतो’ असे सांगणारे वैद्य, बाबा आणि केंद्रचालक सर्वत्र आहेत. दागिने मोडून त्यांच्या दारी गेलेले आईबापही आहेत. प्रामाणिक उपचारक काय सांगतो? तो सांगतो की स्नायू आखडणार नाहीत याची काळजी घेऊ, मूल बसेल कसे, घास गिळेल कसे, आपली इच्छा खुणेने वा शब्दाने सांगेल कसे, ते पाहू. मूळ अवस्था राहील. तिच्यातून निर्माण होणाऱ्या आणखी चार अडचणी मात्र टळतील. हे आश्वासन लहान वाटेल, पण ज्या घराने ते अनुभवले आहे त्याला त्याची थोरवी ठाऊक असते.

मिठू अलूर आणि त्यांची कन्या मालिनी चिब यांचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. १९६६ मध्ये जन्मलेल्या मालिनीला सेरेब्रल पाल्सी आहे. तिच्यासारख्या मुलांसाठी शाळाच नाही हे पाहून मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभारली. मालिनी बऱ्या झाल्या नाहीत. त्यांचे बोलणे आजही अनोळखी माणसाला चटकन कळत नाही. पण त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटाने टंकलेखन करीत लिहिलेले त्यांचे आत्मकथन २०१० नंतरच्या दशकात वाचकांच्या हाती आले. बरे होणे आणि घडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या आयुष्यातून कळते.

महाराष्ट्राच्या भूमीत या विषयाचे कार्य कमी झालेले नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातील स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये जगापुढे आले आणि पुढे देशभरातील आशाताईंच्या गृहभेटींचा पाया तिच्यातून घातला गेला. बालमृत्यू रोखणे ही पहिली लढाई. परंतु कमी वजनाचे, नाजूक बाळ वाचले की दुसरी जबाबदारी सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी ती ओळखली. १९८७ ते १९८९ या काळात नवजात अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्या, २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे, थेट तारुण्यापर्यंत मागोवा घेतला. बाराव्या वर्षी या मुलांची सरासरी बुद्धिमत्ता इतर मुलांपेक्षा कमी, तरीही सामान्य मर्यादेत आढळली. सर्वांत अधिक जपावे लागणारे कोण, हेही त्यातून कळले. धोका कोठे आहे हे आधी कळले, तर लक्षही तेथेच देता येते.

मग हे लक्ष द्यायचे कोणी? तज्ज्ञ तर थोडे आणि तेही शहरांत. आठवड्यातून एकदा, पाऊण तास उपचारकेंद्रात जाऊन मूल किती शिकणार? उरलेले तास ते घरातच असते. म्हणून जगभरच्या अनुभवाचा निष्कर्ष असा की, बालकाचा मुख्य शिक्षक घर असते आणि तज्ज्ञाचे खरे काम घराला शिकवण्याचे असते. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेचा यात महत्त्वाचा वाटा आहे. गोवा आणि रावळपिंडी येथील स्वमग्न मुलांसाठी झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते नऊ वर्षे वयाची ६५ मुले त्यात होती. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षित केलेल्या कार्यकर्त्यांनी सहा महिन्यांत बारा भेटींतून पालकांना एकच गोष्ट शिकवली: मुलाच्या मागे धावू नका, त्याच्या खेळात शिरा, ते ज्याकडे पाहते त्याकडे पाहा आणि त्याच्या प्रत्येक खुणेला प्रतिसाद द्या. मुलांनी स्वतःहून संवादाला सुरुवात करण्याचे प्रमाण वाढले. सगळ्याच बाबतीत सुधारणा झाली असे नाही, पण ज्ञान तज्ज्ञाकडून साध्या कार्यकर्त्याकडे आणि तेथून आईकडे पोहोचू शकते, हे सिद्ध झाले.

आणि घराला नवे काही आणावेही लागत नाही. अंघोळीच्या वेळी हात, पाय, नाक, कान यांची नावे घेत चोळलेले तेल, जेवताना ‘आणखी हवे?’ असे विचारून बाळाच्या खुणेसाठी घेतलेला क्षणभराचा विराम, ‘इथे इथे बस रे मोरा’ म्हणत धरलेला तळहात, हे सारे उपचारच आहेत. खंत ही की हा वारसा ज्या घरात होता, तेथे आता बाळाच्या हाती मोबाईल आला आहे. दोन वर्षांच्या आतील बालकाला पडद्यापुढे बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे. मोबाईलने अपंगत्व येते असे नव्हे. पण आधीच संवादात मागे असलेल्या मुलाचे उरलेसुरले संवादाचे तासही तो घेऊन जातो.

आता दुसऱ्या थांब्याकडे वळू. निदान झाले, उपचार सुरू झाले, मूल तीन वर्षांचे झाले. आई त्याचा हात धरून बालवाडीच्या दाराशी जाते. तेथे उत्तर मिळते, ‘थोडे सुधारले की आणा.’ बोलू लागले की आणा, शी-शू सांगू लागले की आणा. म्हणजे पोहायला आल्यावर पाण्यात उतरा! मूल बोलायला शिकते ते बोलणाऱ्या मुलांत. रांगेत थांबणे, खाऊ वाटून घेणे, आपली पाळी येईपर्यंत धीर धरणे या गोष्टी बंद खोलीत एकट्याला शिकवता येत नाहीत. समावेशन ही उपचार संपल्यानंतरची पायरी नव्हे. ते उपचाराचेच अंग आहे. शिवाय लाभ एकट्या त्या मुलाचा नसतो. चार वर्षांच्या मुलाला शेजारचा सवंगडी वेगळा वाटत नाही. तो फक्त हळू चालणारा सवंगडी असतो. कीव आणि टवाळी या दोन्ही गोष्टी मूल पुढे मोठ्यांकडून शिकते.

‘अंगणवाडी’ या शब्दाचा इतिहास या संदर्भात आठवण्याजोगा आहे. पद्मभूषण ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग केले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्या कल्पनेचा गाभा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेले. योजना सर्व बालकांसाठी होती. तथापि या ‘सर्व’मध्ये दिव्यांग बालके प्रत्यक्षात आलीच नाहीत, असे मिठू अलूर यांनी आपल्या डॉक्टरेटच्या संशोधनात दाखवून दिले. त्या अभ्यासाचे नावच ‘अदृश्य बालके’ या अर्थाचे आहे. अंगण होते, त्यात हे मूल नव्हते.

त्यानंतर पुष्कळ बदलले. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी त्याच परिसरातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. जन्मतः असलेले दोष, आजार, कमतरता आणि विकासातील विलंब या चार बाबींसाठी जन्मापासून १८ वर्षांपर्यंत तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा फिरते पथक आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अशी ही रचना आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातवरून एकवीस केले आणि धोक्यातील बालके ओळखण्यासाठी वर्षातून किमान एकदा सर्व मुलांच्या तपासणीची तरतूद केली. जून २०२१ मध्ये देशात चौदा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांचे उद्घाटन झाले. त्यांतील एक मुंबईच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी स्वतंत्र अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली. ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट व्हायला अठ्ठेचाळीस वर्षे लागली.

तरीही एक फट उरते. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून लागू होतो. दिव्यांग हक्क कायद्यातील मोफत शिक्षणाचा हक्कही सहा ते अठरा या वयासाठी आहे. सहा वर्षांखालील बालकांसाठी राज्यघटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात राज्याने प्रयत्न करावा, एवढेच म्हटले आहे. मेंदू ज्या काळात सर्वाधिक घडतो, त्याच काळात हक्क सर्वांत दुबळा, असा हा विपर्यास आहे. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतची २० लाखांहून अधिक बालके दिव्यांग म्हणून नोंदली गेली. या वयात कित्येक अवस्था ओळखल्याच जात नाहीत, हे ध्यानात घेतले तर खरा आकडा मोठा असणार हे उघड आहे.

कायद्याची ही फट भरून काढायची तर समाजाला पुढे यावे लागेल आणि त्यासाठी आधी काही समजुती सोडाव्या लागतील. ‘पूर्वकर्माचे फळ’ म्हणून हात जोडून बसणे हा कर्मसिद्धान्ताचा विपर्यास आहे. जे घडून गेले त्यावर आपला अधिकार नाही, पण जे करायचे आहे ते कर्मच आहे आणि ते टाळण्याची मुभा कोणालाही नाही. दुसरे म्हणजे, सुनेला दोष देणे थांबले पाहिजे. ग्रहणात काही चिरले म्हणून, डोहाळे पुरले नाहीत म्हणून मूल असे झाले, हे बोल ऐकून खचलेली आई बाळाशी गाणे गात खेळणार तरी कशी? तिचे मन सांभाळणे हाही बाळाचा उपचारच आहे. तिसरे, लपवणे. बहिणीच्या लग्नाला अडचण नको म्हणून मुलाला कार्यातून दूर ठेवणारी सुशिक्षित घरे आजही आहेत.

डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला. शब्द आदराचा आहे. पण आदर शब्दात राहिला आणि दार बंदच राहिले, तर त्या मुलाच्या पदरी काय पडणार? महाभारतात अष्टावक्राची कथा आहे. आठ ठिकाणी वाकडा असलेला हा मुलगा जनकाच्या यज्ञमंडपाशी गेला, तेव्हा ‘तू बालक आहेस’ म्हणून द्वारपालाने त्याला अडवले. त्याने द्वारपालाला उत्तर दिले, आत प्रवेश मिळवला आणि पंडित बंदीला वादात जिंकले. ही कथा आपण अभिमानाने सांगतो. परंतु प्रत्येक बालकाला द्वारपालाशी वाद घालून आत यावे लागू नये, एवढी व्यवस्था तरी आपल्या हाती आहे. आजचा द्वारपाल कोण? खासगी बालवाडीचा चालक, ‘त्याला नको हो या वर्गात’ म्हणणारा दुसऱ्या मुलाचा पालक, सोसायटीच्या बागेत आपल्या नातवाला दुसऱ्या बाजूला नेणारे आजोबा. कधी कधी ते आपल्यातलेच असतात.

करायचे काय, हे शेवटी नेमके सांगितले पाहिजे. सहा महिन्यांचे बाळ मान सावरत नसेल, वर्षाचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, दीड वर्षाचे मूल बोटाने दाखवत नसेल, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडत नसेल किंवा आलेले शब्द हरवत असतील, तर ‘होईल हळूहळू’ न म्हणता त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाकडे किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. तपासणीअंती काही निघाले नाही तर एक दिवस गेला. निघाले तर एक आयुष्य वाचले. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने तयार केलेला, दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीचा अवघ्या सतरा टप्प्यांचा तक्ता अंगणवाडीताईही वापरू शकतात. घरोघरी संपर्काला जाणाऱ्या कार्यकर्त्याने तो शिकून घ्यावा आणि चहा घेताना घरातल्या लहानग्याकडे त्या नजरेने पाहावे. निदान करू नये, घाबरवू नये. केवळ योग्य दारापर्यंत सोबत जावे. पहिल्या भेटीला सोबत कोणी असेल, तर दुसऱ्या भेटीला आई एकटी जाण्याचे बळ गोळा करते.

बालवाडी चालवणाऱ्या संस्थांनी येत्या प्रवेशाच्या वेळी दिव्यांग बालकासाठी एक तरी जागा ठेवावी आणि ताईंच्या प्रशिक्षणाची सोय करावी. निवृत्त शिक्षिकांनी आठवड्यातील दोन सकाळी तेथे द्याव्यात. आणि ज्या आजीला ‘मान धरली का?’ हे विचारता येते, तिने उत्तर ‘नाही’ असे आले तर स्वतः नातवाला कडेवर घेऊन निघावे. तिच्या शब्दाला घरात वजन आहे. ते वजन ‘थांबू या’च्या पारड्यात न पडता ‘चला’च्या पारड्यात पडले, तर कायद्याने जे सहाव्या वर्षी मिळते ते घराने सहाव्या महिन्यात दिलेले असेल.